पाण्यात राहून टाच का तडकते?

आषाढात पवन मावळातल्या माणसाचे पाय पाण्याबाहेर फारसे येतच नाहीत. बेडसे, करुंज, येळसे या गावांच्या खाचरांत आधी चिखलणी, मग भातलावणी. रोपं लावणाऱ्या बाईचे पाय दिवसभर पोटरीपर्यंत चिखलात आणि हात मनगटाच्या वरपर्यंत ओले. लोणावळ्याच्या डोंगरावर वर्षाला 4000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक सगळा पावसाळ्याच्या चार महिन्यांत. एवढं पाणी अंगावर घेतलेली कातडी कोरडी पडायला नको. पण लावणी उरकते न उरकते तोच टाचांच्या कडा पांढऱ्या पडतात, बोटांची टोकं खरखरीत होतात. इंद्रायणी भाताची कापणी-झोडणी होऊन थंडी पडेपर्यंत त्याच टाचांना इतक्या खोल भेगा गेलेल्या असतात की चालताना रक्त येतं. जळवात झाली म्हणून रोज रात्री तेल चोपडलं जातं. टाच चकचकीत दिसते, भेग मात्र मिटत नाही.

शेवटी कुणीतरी कामशेतच्या बाजारातून ‘त्वचेची क्रीम’ म्हणून एखादी नळी घेऊन येतं. तिच्यात नेमकं काय आहे हे ना विचारलं जातं, ना सांगितलं जातं. मग तीच नळी आजीच्या टाचेला, सुनेच्या हाताला, नातवाच्या गालाला आणि मुलाच्या जांघेतल्या खाजेलाही लागते.

या लेखात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. कोरड्या त्वचेला औषध फार थोडं लागतं. तिला पाणी लागतं आणि ते आत अडवून धरणारं काहीतरी लागतं. औषधी क्रीम उपयोगी असते, पण ठरावीक जागी, ठरावीक प्रमाणात आणि ठरावीक माणसाला.

कातडीचा कुड आणि त्याचं लिंपण

आपली त्वचा थरांची बनलेली आहे. खालच्या थरात नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, वर येता येता चपट्या होतात आणि मरतात. या मेलेल्या, चिवट पेशींचे पंधरा-वीस पापुद्रे एकावर एक बसून सगळ्यात वरचा थर तयार होतो. शरीराच्या बहुतेक भागांवर तो कागदाहूनही पातळ असतो. तळवे आणि टाचा इथे तो सगळ्यात जाड असतो.

हा थर समजून घ्यायला मावळातल्या जुन्या घराचा कुड डोळ्यांसमोर आणावा. कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी बांधायच्या आणि वरून शेणमातीनं लिंपायचं. काठ्या कितीही दाट बांधल्या तरी वारा अडतो तो लिंपणामुळेच. त्वचेत मेलेल्या पेशी म्हणजे या काठ्या. त्यांच्यामधल्या फटींत स्निग्ध पदार्थांचं लिंपण असतं: सेरामाइड नावाची चरबी, कोलेस्टेरॉल आणि काही स्निग्धाम्लं. शिवाय प्रत्येक पेशीच्या आत पाणी धरून ठेवणारे बारीक रेणू असतात. अमिनो आम्लं, लॅक्टिक आम्ल आणि युरिया हे त्यातले महत्त्वाचे. पाणी धरणाऱ्या या नैसर्गिक साठ्यात युरियाचा वाटा साधारण 7 टक्के असतो. युरियाचं नाव काढलं की आपल्याला खताची गोणी आठवते, पण तो निरोगी कातडीचा मूळचा रहिवासी आहे.

लिंपण धड असतानाही त्वचेतून दिवसाला सुमारे 300 ते 400 मिलिलिटर पाणी नकळत उडून जातं. हा घाम नव्हे, घाम वेगळा. मोठ्या भाजण्यात हा वरचा थरच नष्ट होतो, तेव्हा हेच प्रमाण दिवसाला 3 ते 5 लिटरवर जातं. वरचा पातळ पापुद्रा केवढं काम करतो ते या आकड्यांवरून दिसतं.

लिंपण पडलं की पाणी वेगानं उडतं. पेशी आक्रसतात, कडा उचलल्या जातात. नखानं पोटरीवर ओढलं की पांढरी रेघ उठते, ती या उचललेल्या कडांची. टाचेवर थर जाड आणि ताठ, त्यात शरीराचं सगळं वजन तिच्यावर. ओला थर वजनाखाली पसरतो, वाळलेला थर पसरू शकत नाही, म्हणून फाटतो. तळव्यांना आणि टाचांना तेलग्रंथी नसतात, त्यामुळे तिथल्या लिंपणाची डागडुजीही तोकडी पडते.

पाणीच पाणी काढून नेतं

आता खाचरातल्या कोड्याकडे येऊ. तासन् तास पाण्यात राहिलं की वरच्या थरातल्या पेशी फुगतात. फुगलेल्या पेशींमधलं लिंपण विस्कटतं. पेशींच्या आतले पाणी धरणारे रेणू पाण्यात सहज विरघळणारे असल्यानं ते धुपून बाहेर जातात. संध्याकाळी पाय धुऊन, पुसून चुलीपुढे बसलं की आत शिरलेलं पाणी झपाट्यानं उडून जातं, आणि त्याला धरून ठेवणारं काहीच मागे उरलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भिजणं-वाळणं, भिजणं-वाळणं या फेऱ्यांत कातडी आधी होती त्याहून कोरडी होत जाते. धुण्या-भांड्यांचं काम करणाऱ्या बायकांचे हात याच कारणानं फुटतात. पॉलिहाऊसमध्ये गुलाबाच्या कांड्या बादल्यांतून काढणाऱ्या, पानं झटकणाऱ्या मजुरांचंही तेच. पवन मावळात व्हॅलेंटाइन डेच्या आधी गुलाबाची तोडणी जोरात असते आणि ती नेमकी कोरड्या थंडीत येते.

साबण यात भर घालतो. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू 4.5 ते 5.5च्या आसपास. नेहमीच्या साबणवडीचा सामू 9 ते 10. साबणाला मळ आणि लिंपण यांतला फरक कळत नाही. दोन्ही धुऊन जातात. कढत पाणी हे काम आणखी सोपं करतं.

थंडीत हवाही विरोधात जाते. 30 अंश तापमानाची हवा प्रत्येक घनमीटरमागे सुमारे 30 ग्रॅम बाष्प सामावू शकते; 10 अंशांची हवा जेमतेम 9 ग्रॅम. डिसेंबरच्या पहाटे पवना धरणाच्या पाण्यावर धुकं दिसतं म्हणून हवा ओली वाटते, पण ऊन चढून ती हवा तापली की बाष्प तेवढंच राहतं आणि हवेची तहान मात्र वाढते. बेडशाच्या लेण्यांखालच्या उतारावरचं गवत जसं दिवाळीनंतर भराभर पिवळं पडतं, त्याच हवेत आपले ओठ आणि टाचा उलतात.

तेलानं मऊ का होत नाही

1952 साली अमेरिकेतल्या आयर्विन ब्लँक या संशोधकानं एक साधा प्रयोग केला. त्यानं तळपायाच्या घट्ट्याचे वाळलेले तुकडे घेतले. काही तेलात बुडवून ठेवले, काही पाण्यात. तेलातले तुकडे बुडवून ठेवूनही कडकच राहिले. पाण्यातले मऊ झाले, वाकू लागले. कातडी मऊ करतं ते पाणी, तेल नव्हे, हे त्यातून स्पष्ट झालं.

मग तेल निरुपयोगी का? मुळीच नाही. तेल पाणी देत नाही, पण असलेलं पाणी अडवतं. वाळून खडखडीत झालेल्या टाचेला रात्री तेल चोपडलं तर अडवायला आत पाणीच नसतं. तीच टाच आधी भिजवून मग तेल लावलं तर फरक पडतो. आपल्याकडे बहुतेकांचं चुकतं ते एवढ्याच एका क्रमात.

कोणत्याही मॉइश्चरायझरमध्ये तीन तऱ्हेचे घटक असतात. पहिले पाणी ओढून धरणारे: ग्लिसरीन, युरिया, लॅक्टिक आम्ल. दुसरे उचललेल्या कडांमधल्या फटी भरून त्वचा गुळगुळीत करणारे, म्हणजे तेलं आणि स्निग्धाम्लं. तिसरे वरून झाकण घालणारे: पेट्रोलियम जेली, पॅराफिन, मेण, लॅनोलिन. यांत पेट्रोलियम जेलीचा हात धरणारं अजून कुणी नाही. त्वचेतून उडणारं पाणी ती जवळजवळ पूर्ण थांबवते. रॉबर्ट चेसब्रो यांनी 1872मध्ये व्हॅसलीनचं पेटंट घेतलं, त्याला दीडशे वर्षं झाली, आणि आजही महागड्या क्रीमांना तिच्याशी तुलना करून घ्यावी लागते.

नुसतं ग्लिसरीन कोरड्या हवेत लावलं तर उलटं होऊ शकतं. ते हवेतून पाणी घेऊ शकलं नाही की त्वचेच्या खालच्या थरातून ओढतं आणि ते पाणी वरून उडून जातं. म्हणून ग्लिसरीन ओल्या त्वचेवर लावावं आणि वर झाकण हवंच.

घरगुती तेलांमध्ये खोबरेल चांगलं आहे. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं आणि त्वचेला आपलं लिंपण बनवायला तेच लागतं. कोकणातून येणारं कोकमाचं घट्ट तेल, म्हणजे मुठेल, खोलीच्या तापमानाला गोठलेलं राहतं, त्यामुळे भेगेत टिकून बसतं. आपल्या आज्यांनी टाचेसाठी हेच निवडलं, त्यात मला निरीक्षणाची ताकद दिसते.

‘औषधी’ म्हणजे त्यात काय घातलंय?

साध्या क्रीममध्ये एखादा काम करणारा रासायनिक घटक घातला की तिला औषधी क्रीम म्हणतात. कोरड्या त्वचेसाठीच्या क्रीमांमध्ये तीन घटक वारंवार दिसतात.

युरिया हा त्यांतला सर्वांत भरवशाचा. फ्रीडरिश व्होलर यांनी 1828मध्ये प्रयोगशाळेत युरिया बनवला आणि सजीवांच्या शरीरातला पदार्थ शरीराबाहेरही बनवता येतो हे जगाला दिसलं. क्रीममध्ये त्याचं काम टक्क्यांवर अवलंबून असतं. 5 ते 10 टक्के असला तर तो पाणी धरतो. 20 टक्क्यांच्या पुढे गेला की कडक झालेल्या प्रथिनांची बांधणी सैल करून जाड थर सोलायला लागतो. 40 टक्क्यांची क्रीम तर खराब झालेलं नख मऊ करून काढायला वापरतात. म्हणजे हातापायांच्या साध्या कोरडेपणाला 10 टक्के पुरे; जाड टाचेला त्याहून जास्त; आणि चेहऱ्याला वा लहान मुलाला जास्त टक्क्यांची क्रीम कधीच नाही. नळी न बघता ‘युरियाची क्रीम द्या’ म्हणणं यासाठीच धोक्याचं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण भातशेतीच्या गावात युरिया घरातच पडलेला असतो. खताचा युरिया पाण्यात कालवून टाचेला लावू नये. तो औषधी शुद्धतेचा नसतो, त्याचं प्रमाण मोजलेलं नसतं, आणि 2015पासून आपल्या देशात शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणं बंधनकारक आहे. उघड्या भेगेत असलं मिश्रण गेलं तर आग तर होईलच, जखमही चिघळेल.

दुसरा घटक लॅक्टिक आम्ल, बऱ्याचदा 12 टक्के अमोनियम लॅक्टेटच्या रूपात. पेशींमधले जुने सांधे सैल करून खरखरीतपणा घालवतं. ते लावलेली कातडी उन्हाला हळवी होते, म्हणून शेतात जाताना उघड्या हातांवर लावू नये, रात्री लावावं.

तिसरं सॅलिसिलिक आम्ल, 3 ते 6 टक्के. हे मॉइश्चरायझर नव्हेच, घट्टे आणि जाड कड सोलणारं औषध आहे. ते कातडीतून रक्तात उतरू शकतं. दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नये. गरोदर बाईनं आणि अॅस्पिरिनची अॅलर्जी असणाऱ्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. कुणीही अंगभर चोपडू नये.

तिन्ही घटक उघड्या, रक्ताळलेल्या भेगेत झोंबतात. झोंबलं म्हणजे औषध लागू पडतंय, अशी समजूत आहे. ती सोडून द्यावी. आधी पाच-सहा दिवस साधी पेट्रोलियम जेली लावून भेग मिटू द्यावी, मग औषधी क्रीम सुरू करावी.

पिढ्यान् पिढ्या घरात असलेल्या मलमांबद्दलही बोलायला हवं. 1929पासून कोलकात्यात तयार होणाऱ्या बोरोलीनमध्ये बोरिक आम्ल, झिंक ऑक्साइड आणि लॅनोलिन असतं. आपल्या पुण्याच्या कैलास जीवनमध्ये खोबरेल तेलाबरोबर राळ आणि कापूर असतो. मोठ्या माणसाच्या फुटलेल्या ओठाला किंवा टाचेला ती ठीक आहेत. मात्र तान्ह्या बाळाच्या लंगोटाखालच्या सोललेल्या त्वचेवर बोरिक आम्ल नको, कारण सोललेल्या कातडीतून ते शरीरात जातं. कापूर असलेलं काहीही दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाजवळ लावू नये आणि त्याच्या हाती लागेल असं ठेवू नये. पोटात गेलेल्या कापरानं लहान मुलांना झटके येतात. बाळाच्या कोरड्या कातडीला वास नसलेली पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल पुरतं.

आणि कॅलामाइन? खाज सुटली की हातपायांना गुलाबी लोशन फासायची पद्धत आहे. कॅलामाइन वाळवतं. ओल्या, पुरळ आलेल्या खाजेला ते चांगलं, कोरडेपणाच्या खाजेला उलटं.

लावायची रीत

टाचेपासून सुरू करू. रात्री जेवणं झाल्यावर कोमट पाण्यात पाय पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवावेत. कोमट म्हणजे मनगटाला सुखद वाटेल इतकंच. फुगून पांढरी झालेली कड खरबरीत दगडानं हलक्या हातानं एकाच दिशेनं घासावी. ब्लेड नको. फडक्यानं टिपून घ्यावं. रगडून कोरडं करू नये, थोडी ओल राहू द्यावी. आणि मग तीन-चार मिनिटांच्या आत क्रीम. हीच ती वेळ, जेव्हा थरात पाणी भरलेलं असतं. जाड टाचेवर युरियाची क्रीम, तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, वर सुती मोजा. दोन आठवड्यांत फरक दिसू लागतो, कारण वरचा थर बदलायला साधारण तेवढे दिवस लागतात. चार दिवसांत गुण नाही म्हणून नळी टाकून देऊ नये.

बोटांच्या बेचक्यांत क्रीम कधीच नको. पावसाळ्यात तिथे चिखल्या झालेल्या असतात. ती कातडी आधीच ओलीनं कुजलेली असते आणि तिच्यात बुरशी असू शकते. बेचक्या कोरड्या ठेवायच्या, टाचा ओलसर. एकाच पावलाला दोन उपचार लागतात.

अंगाच्या कोरडेपणासाठी आंघोळ दहा मिनिटांत उरकावी, साबण काखा, जांघा आणि पाय एवढ्यापुरताच वापरावा, आणि अंग टिपल्याबरोबर क्रीम किंवा तेल लावावं. लावताना केसांच्या दिशेनं हात फिरवावा. उलटं रगडलं तर केसांच्या मुळांशी क्रीम साचून फोड येतात. इथे हिशेब समजून घ्यावा. मोठ्या माणसाचं सगळं अंग एकदा माखायला 30 ग्रॅमच्या आसपास क्रीम लागते. म्हणजे दुकानातली छोटी नळी एका दिवसाची! म्हणूनच लोक ती पुरवून पुरवून लावतात आणि कुठेच गुण येत नाही. माझं मत असं, की अंगाला स्वस्तातलं पण भरपूर लावावं: खोबरेल, साधी पेट्रोलियम जेली, साधं पॅराफिनचं मलम. औषधी क्रीम फक्त टाच, गुडघा, कोपर अशा जाड जागांसाठी राखावी.

नवी क्रीम घेतली की कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी आठवडाभर दिवसातून दोनदा लावून बघावी. लाली, खाज, पुरळ आलं तर ती तुमच्यासाठी नाही. बहुतेक वेळा दोष सुगंधाचा, लॅनोलिनचा किंवा टिकाऊपणासाठी घातलेल्या रसायनाचा असतो. डबीतली क्रीम चमच्यानं काढावी, ओलं बोट बुडवू नये. डॉक्टरांनी दुसरं मलम दिलं असेल तर दोन्हींमध्ये वीस-तीस मिनिटांचं अंतर ठेवावं, नाहीतर औषध पातळ होऊन नको तिथे पसरतं.

चौकट: नळी हातात घेतल्यावर
• ‘प्रत्येक ग्रॅममध्ये’ या शब्दांपुढे घटकाचं नाव आणि टक्केवारी छापलेली असते. दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा.
• बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं नाव असेल तर ती मॉइश्चरायझर नाही, स्टेरॉइड आहे.
• ‘शेड्यूल एच’चा इशारा असेल तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका.
• मुदत संपल्याची तारीख बघा. एकाला दिलेली नळी घरभर वापरू नका.

सगळ्यात लवकर गुण देणारी नळी

कोरड्या त्वचेच्या बाबतीत खरा घात होतो तो इथे. स्टेरॉइड असलेली क्रीम लावली की खाज आणि लाली एका रात्रीत ओसरते. शेजारणीनं सांगितलेली, दुकानदारानं पुढे केलेली ही ‘हमखास’ नळी मग घरात कायमची राहते. इसबासारख्या आजारात डॉक्टर स्टेरॉइड देतात आणि ते योग्यच आहे. ठरावीक ताकदीचं, ठरावीक दिवस, मोजून. मोजण्यासाठी एक सोपं माप आहे: तर्जनीच्या टोकाच्या पेरावर नळीतून ओढलेली क्रीमची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.

स्टेरॉइड दाह दाबतं. कातडीला पाणी देत नाही, लिंपण तर नाहीच. उलट महिनोन् महिने लावलं की त्वचा पातळ होते, खालच्या लाल शिरा दिसू लागतात, जांघेत आणि काखेत कायमचे पांढरे चट्टे ओढल्यासारखे पडतात. चेहऱ्यावर मुरमं येतात, आणि लावणं थांबवलं की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, म्हणून माणूस पुन्हा तीच नळी लावतो. गजकर्णावर लावलं तर कड फिकी पडते, आजार बरा झाल्यासारखा वाटतो, आणि आत बुरशी निर्धास्त पसरत राहते. गेल्या काही वर्षांत गजकर्ण इतकं चिवट का झालं, या प्रश्नाच्या उत्तरात या मिश्र मलमांचा वाटा मोठा आहे. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांची संघटना याविरुद्ध बरीच वर्षं झगडते आहे. 2018मध्ये केंद्र सरकारनं अंगाला लावायच्या 14 स्टेरॉइडांना चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या शेड्यूल एच यादीत घातलं. कायदा झाला, काउंटरवर तो पाळला जाणं आपल्या मागणीवरही अवलंबून आहे. ‘डॉक्टर नको, तीच क्रीम द्या’ असं आपणच म्हणतो.

युरियाबद्दल आणखी एक सावधगिरी इथेच सांगते. युरिया कातडीचा थर सैल करत असल्यानं त्याच्याबरोबर लावलेलं दुसरं औषध जास्त आत शिरतं. तेव्हा घरात असलेली दोन मलमं आपल्या मनानं कालवू नयेत.

चूल, शेकोटी आणि तेलकट कपडा

हा धोका आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. पॅराफिन किंवा तेल असलेली क्रीम रोज लावली की ती साडीत, गोधडीत, मोज्यात मुरते. असा कपडा ठिणगीनं लवकर पेट घेतो आणि भडकून जळतो. ब्रिटनमध्ये अशा आगींत 50हून जास्त माणसं दगावल्यानंतर तिथल्या औषध नियंत्रक संस्थेनं डिसेंबर 2018मध्ये सगळ्याच मॉइश्चरायझरांबद्दल इशारा दिला, पॅराफिन असो वा नसो. क्रीम स्वतः पेटत नाही. ती शोषलेला कपडा पेटतो. धुतल्यावरही अंश पूर्ण निघत नाही.

मावळात पौष-माघात पहाटे शेकोटी असते, आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं, म्हातारी माणसं गोधडी पांघरून विस्तवाजवळ बसतात आणि काहींना विडीही लागते. भरपूर क्रीम लागते ती याच माणसांना. त्यांनी क्रीम विस्तवापासून दूर, रात्री झोपताना लावावी. पदर आणि गोधडी चुलीपासून लांब ठेवावी. अंथरुणात विडी ओढू नये. पांघरुणं वरचेवर धुवावीत. क्रीम लावलेले पाय गुळगुळीत फरशीवर घसरतात, म्हणून मोजा घालूनच उठावं.

बिब्बा, मेण, रॉकेल

भेगांवरच्या जुन्या उपायांत बिब्ब्याचं तेल अजून टिकून आहे. सुई टोचलेला बिब्बा दिव्यावर धरून टपकणारं तेल भेगेत सोडतात. बिब्ब्याचा रस कातडी जाळतो. तो उतला की पाय सुजतो, पाण्यानं भरलेले फोड येतात, कधी सगळ्या अंगावर पुरळ उठतं. हा उपाय सोडून द्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. रॉकेल उरलंसुरलं लिंपण विरघळवून नेतं, म्हणून तेही नको. वितळलेलं मेण मात्र तत्त्वानं चुकीचं नाही. ते झाकणच घालतं. चटका बसणार नाही इतकं निववून, स्वच्छ आणि आधी भिजवलेल्या भेगेवर लावलं तर चालेल. मधुमेह्यानं मात्र गरम काहीही पायाला लावू नये, कारण त्याला चटका कळत नाही.

क्रीम बाजूला ठेवून दवाखाना गाठावा तेव्हा

मधुमेह असेल आणि टाचेला भेग असेल तर लगेच पाय दाखवावा. त्या भेगेतून सुरू झालेली जखम पाय घालवू शकते. भेगेभोवती लाली, सूज, पू, ताप असेल तर क्रीमचं काम संपलं. अंगभर कोरडेपणाबरोबर थकवा, वजन वाढणं, थंडी सहन न होणं असेल तर थायरॉइड तपासावं. तळव्यांवर खवले असलेले लाल जाड चट्टे असतील तर तो सोरायसिस असू शकतो.

आणि एक खूण अशी आहे, जी प्रत्येक घरात माहीत असायला हवी. अंगावर एखादा फिकट किंवा लालसर चट्टा आहे, तो आजूबाजूच्या कातडीहून कोरडा आहे, तिथे घाम येत नाही, आणि कापसाचा बोळा फिरवला तर कळत नाही. असा चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. या रोगाचे जंतू मज्जातंतूंना इजा करतात, घामाच्या ग्रंथींना आज्ञा देणारे तंतूही त्यात जातात, म्हणून तिथली त्वचा सुकते. तिच्यावर मॉइश्चरायझर लावत बसलं की मोलाचे महिने वाया जातात. कुष्ठरोगानं पाय बधिर झालेल्यांना शिकवली जाणारी निगाही हीच आहे: पाय वीस मिनिटं भिजवा, घासा, ओल्यावरच तेल लावा, आणि रोज तळवा पाहा. पण ती औषधांबरोबर करायची, औषधांऐवजी नव्हे.

कुष्ठरोगाची बहुविध औषधं सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. रोगाच्या प्रकारानुसार ती 6 किंवा 12 महिने घ्यावी लागतात आणि रोग पूर्ण बरा होतो. असा कोरडा, बधिर चट्टा तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या अंगावर असेल, तर क्रीम विकत घेण्याआधी आशाताईंना दाखवा आणि याच आठवड्यात आरोग्य केंद्रात जा.